ठकूचं पहिलं वर्ष : दुधाच्या आणि वजनाच्या नोंदी

ही वही मुळात फक्त वजन लिहायला घेतली होती. नंतर तिच्यात दूध, ताप, लशी, खर्च आणि आम्हा दोघींचं रडणं असं सगळंच येत गेलं. माझी मामेबहीण येत्या जूनमध्ये बाळंत होईल. तिने विचारलं, "ताई, तुझं काय काय चुकलं तेवढं सांग. बाकीचं सगळेच सांगतात." म्हणून नोंदी नीट उतरवून काढते आहे. पहिलं बाळंतपण, माहेरी कराडला, सिझर. राहायला पुण्यात वडगाव बुद्रुकला, नोकरी एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात. मुलीचं कागदावरचं नाव इथे लिहीत नाही. घरात ती ठकू.

४ मार्च २०२४, सोमवार. दिवस पहिला

दुपारी सव्वादोनला झाली. वजन २ किलो ७५० ग्रॅम. बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बीची लस दवाखान्यातच मिळाली.

रात्री ती रडायला लागली. टाके ओढत होते, हाताला सलाईन, मला कुशीवरही वळता येईना. "हिला अजून दूध उतरलेलं नाही, बाळ उपाशी राहील," असं कोणीतरी म्हणालं आणि रात्रीतून तीन वेळा बाटलीने वरचं दूध दिलं गेलं. पहिली चूक ही, आणि सगळ्यात महाग पडली तीही हीच. पहिले दोन-तीन दिवस दूध येतच नसतं. येतो तो चीक, घट्ट, पिवळसर, एका वेळी जेमतेम चमचाभर. बाळाला लागतोही तेवढाच. मला तो येत होता. कोणी पाहिलं नाही, आणि मीही कोणाला "बघा" म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नात्यातल्या एक आजी बोटाला मध लावून चाटवायला आल्या. आईने त्यांचा हात अलगद धरला. "मावशी, वर्षभर मध नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय." मधात असलेल्या जंतूंच्या बीजांमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. आजींना राग आला नाही. त्यांनी ते बोट माझ्या तोंडात घातलं आणि म्हणाल्या, "मग तू खा, तुला ताकद येईल."

८ मार्च. दिवस ५

महाशिवरात्र. घरी आलो. सगळ्यांचा उपास, माझ्यापुढे अळिवाची खीर. छाती दगडासारखी झालेली, अंगात ताप. ठकू तोंड लावते, चार घोट घेते आणि झोपते. बोंडशीला भेगा पडून रक्त येतंय. मेडिकलमधून ४८० रुपयांचं मलम आणलं. मलमाने भेगा मऊ पडतात, पुढच्या पाजण्याला परत फाटतात. हे औषध नव्हतं हे कळायला आणखी चार दिवस गेले.

१२ मार्च. दिवस ९

वजन २ किलो ४५०. तीनशे ग्रॅम उतरलं, म्हणजे जवळजवळ ११ टक्के. जन्मानंतर बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर थांबून बघायचं असतं, आणि दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनाला परत यायला हवं. डॉक्टरांनी विचारलं, "शू किती वेळा होते?" आम्ही मोजलीच नव्हती. आईला वाटलं चार वेळा, मला वाटलं सहा.

मी तिथेच रडायला लागले. डॉक्टरांनी वरच्या दुधाची चिठ्ठी न लिहिता तिथल्या सिस्टरना बोलावलं. "हिला पाजताना बघा."

सिस्टर माझ्याजवळ चाळीस मिनिटं बसल्या. नऊ दिवसांत दहा-बारा जणींनी मला सल्ला दिला होता: शतावरी घे, शेपू खा, मेथी खा, पाठीला शेक दे. बाळाच्या तोंडाकडे वाकून बघणाऱ्या सिस्टर पहिल्याच. त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवते:

ठकू नुसती बोंडशी धरत होती. भोवतीचा गडद भाग तिच्या तोंडात जातच नव्हता. म्हणून भेगा, म्हणून दूध निघत नव्हतं, आणि निघत नव्हतं म्हणून छातीत दाटून ताप. तिन्ही दुखणी एकाच कारणाची होती आणि मी तिन्हींना वेगवेगळी औषधं करत होते.

मी वाकून छाती तिच्या तोंडात देत होते. सिस्टरनी मला मागे टेकून बसवलं, पाठीला उशी दिली आणि ठकूला माझ्या काखेखाली आडवं धरलं, तिचे पाय माझ्या पाठीकडे. पोटावरच्या टाक्यांवर भार येईना. "आता तिच्या वरच्या ओठाला लावा. घाई करू नका. आ मोठा होऊ दे. जांभई देतात ना, तेवढा. आणि मग तिला आणा तुमच्याकडे, तुम्ही जाऊ नका तिच्याकडे."

पाचव्या प्रयत्नात जमलं. खालचा ओठ बाहेर उमललेला, हनुवटी छातीला टेकलेली. दुखलं नाही. आणि घोट ऐकू आला. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

तोपर्यंतचा खर्च: वरच्या दुधाचे दोन डबे, बाटल्या, मलम, दूध वाढवायची पावडर मिळून साधारण २,३०० रुपये. सिस्टरनी पैसे घेतले नाहीत. बहिणीला एवढंच सांगायचं आहे की सल्ला घेण्याआधी कोणालातरी समोर बसवून पाजताना बघायला लाव. दवाखान्यातल्या सिस्टर, आशाताई, कोणीही, ज्यांनी हे काम केलेलं आहे. पहिल्याच दिवशी.

१५ मार्च. दिवस १२

बारसं. पाळणा, कुंची, घुगऱ्या. आत्याने कानात नाव सांगितलं. मी कार्यक्रमात चार वेळा उठून आतल्या खोलीत पाजायला गेले. एकदा ऐन पाळणा म्हणतानाच उठले, आणि कोणी काही बोललं नाही.

२४ मार्च. दिवस २१

होळी. वजन २ किलो ८५०. बारा दिवसांत चारशे ग्रॅम. वरचं दूध एकदम तोडलं नाही, दर दोन दिवसांनी एक वेळ कमी करत गेलो. शूचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारून ठेवला. दिवसाला सहाच्या वर ओली दुपटी म्हणजे पोटात दूध जातंय. हा हिशेब वजनकाट्यापेक्षा लवकर कळतो.

शेगडी आणि धुरी बंद केली. वावडिंग-ओव्याच्या धुराने ठकूला खोकला लागत होता. आंघोळ घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं देतेय." आईने त्यांना ठकूचा खोकला ऐकवला. त्यांनी स्वतःच शेगडी उचलून अंगणात नेली. मावशींचे रोजचे २५० रुपये, चाळीस दिवसांचे १०,००० झाले. त्यातला एक रुपया वाया गेला नाही. त्या तासाभरात मी झोपत होते.

७ एप्रिल

आता सगळं सुरळीत आहे, वजन वाढतंय, दूध आहे. तरी संध्याकाळ झाली की पोटात खड्डा पडतो. दिवेलागणीला रडू येतं, कारण सांगता येत नाही. ठकू झोपली तरी मला झोप लागत नाही. परवा मनात आलं की माझ्याशिवाय ही जास्त बरी वाढेल. हे वहीत लिहायला दोन दिवस लागले.

१५ एप्रिल. सहा आठवडे

पहिल्या लशी: पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा, न्यूमोकोकल. आरोग्य केंद्रात, मोफत. रात्री ताप आला, सुईची जागा लाल. वजन साडेतीन किलो.

माझ्या तपासणीला डॉक्टरबाईंनी टाके बघितले आणि "बाकी ठीक?" विचारलं. मी हो म्हणून उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि वहीतलं ७ एप्रिलचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. बोलणं जमलं नसतं.

त्यांनी बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितलं. बाळंतपणानंतरचं हळवेपण साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. ते लांबलं, झोप उडाली, असे विचार यायला लागले तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. पाजत असतानाही चालणारी औषधं असतात. मला आधी समुपदेशन सुरू केलं. नवरा पुण्याहून सुट्टी टाकून आला आणि रात्रीचं एक पाजणं काढलेल्या दुधावर त्याच्याकडे गेलं, म्हणजे मला सलग पाच तास झोप. पाच आठवड्यांनी संध्याकाळचा खड्डा भरायला लागला. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मोफत. मी नंतर दोनदा लावली, एकदा रात्री अडीचला. मराठीत बोलता आलं.

या बाबतीत मी वेळ सगळ्यात जास्त वाया घालवला. पाच आठवडे, कोणाला न सांगता. दूध, वजन, लशी यांचे आकडे होते म्हणून ते दिसलं. याचा आकडा नव्हता.

१० जून. चौदा आठवडे

पुण्यात आलो. लशींचा तिसरा हप्ता. वजन ५ किलो ५०. मोहरीची उशी काढून टाकली. पाठीवर झोपवायचं, उशी नाही, आणि जागी असताना पोटावर पालथं घालायचं. डोक्याची मागची बाजू चपटी होत होती, ती पालथं घालून हळूहळू भरत आली.

६ जुलै

रजा १८ ऑगस्टला संपते. २६ आठवड्यांपैकी दोन बाळंतपणाआधीच गेले होते. कामावर गेल्यावर दिवसाला तीन वेळचं दूध ठेवावं लागेल. विजेवरचा पंप घेतला, ४,६०० रुपये. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांत ३० मिली निघायचं, आणि दुखायचं. मला वाटलं दूध आटलं. पंपाबरोबर आलेलं नरसाळं २४ मिलिमीटरचं होतं, मला २१ लागत होतं. ३५० रुपयांचा प्लास्टिकचा तुकडा बदलला आणि त्याच वीस मिनिटांत ९० मिली. पंप घ्यायचा असेल तर आधी माप घ्या, दुकानदार विचारत नाही.

२५ जुलै

खडकवासल्यातून पाणी सोडलं, मुठेला पूर आला. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं, बोटीने माणसं काढली. आमच्या इमारतीत पाणी आलं नाही, फक्त वीज गेली. ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यापुढे माझं दुःख बोलायचं नाही, पण वहीत लिहिते.

फ्रीजरमध्ये २६ पिशव्या होत्या, दोन लिटरच्या आसपास. एकोणीस दिवस पहाटे चारला उठून काढलेलं दूध. वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बर्फाचे कण शिल्लक असतील तर पिशवी परत गोठवता येते. पूर्ण वितळलेली मात्र परत गोठवायची नाही. बर्फ शिल्लक असलेल्या चारच निघाल्या. बाकीच्या बेसिनमध्ये ओतल्या. नवरा म्हणाला, "मी ओततो, तू आत जा." मी गेले नाही. एकेक पिशवी मीच फोडली.

यातून पद्धत बदलली. आमचा फ्रीज एका दाराचा, त्याच्या बर्फाच्या कप्प्यात दूध दोन आठवड्यांवर धरायचंच नसतं. मग एवढा साठा कशाला? आज काढलेलं उद्या द्यायचं, आणि वर फक्त एका दिवसाचं राखीव. खालच्या कप्प्यात दूध चार दिवस राहतं, बाहेर चार तास, तेही थंड खोलीत. पुण्यातल्या उन्हाळ्यात मी दोनच धरते.

१० ऑगस्ट

बाटली घेत नाही. दहा दिवसांत चार प्रकारच्या बाटल्या, १,८५० रुपये. तोंडात निपल गेलं की जीभ बाहेर, मग रडून रडून घामाघूम. जन्मल्या रात्री तीच बाटली हिने मुकाट घेतली होती.

आईला फोन केला. ती शनिवारच्या एसटीने आली आणि पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं चांदीचं बोंडलं, बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, काढलं. माझंच, मी लहान असतानाचं, एका बाजूला पोचा आलेला. ठकूला उभी मांडीवर धरली, बोंडल्याचं टोक खालच्या ओठावर टेकवलं आणि दूध ओतलं नाही, नुसतं ओठापर्यंत आणून थांबली. ठकूने जीभ बाहेर काढून चाटलं. मग घोट. ७० मिलीला पंचवीस मिनिटं लागली, दुपटं ओलं झालं, पण प्यायली. आडवं धरून ओतायचं नाही, ठसका लागतो. बोंडलं धुवायला सोपं, उघडं भांडं, उकळून काढलं की झालं.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. कामावर रुजू. पाळणाघर घराजवळ, महिना ६,५००. तिथल्या ताईंना बोंडलं माहीत होतं. त्यांच्या धाकट्या दिराला त्यांनी त्यानेच पाजलं होतं, त्यामुळे शिकवायला लागलं नाही.

ऑफिसात पंपाला जागा नाही. एचआरने स्वच्छतागृह सुचवलं. मी तिथे गेले, दोन मिनिटं उभी राहिले आणि बाहेर आले. माझ्या मुलीचं जेवण मी संडासात तयार करणार नाही. तेव्हाच्या मातृत्व लाभ कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठीची सुट्टी होती, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करायला हवी होती. हे दोन्ही मी मेलमध्ये लिहून पाठवलं, साध्या भाषेत. पाळणाघराचं अजून "बघतो" वर आहे. पण जुन्या फायलींची खोली मिळाली, आतून कडी, एक खुर्ची, एक प्लग. अकरा आणि तीन वाजता. पहिल्या आठवड्यात दोनदा ब्लाउज भिजला, एकदा अख्खी बाटली टेबलावर सांडली, १०० मिली. तेव्हापासून झाकण लावल्याशिवाय बाटली हातातून खाली ठेवत नाही.

७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी, आणि ठकूचं उष्टावण. मुलीचं विषम महिन्यात करतात. सासूबाईंच्या मनात पाचव्यात होतं, मी सहा महिने पूर्ण होईपर्यंत थांबा म्हटलं. सातवा लागल्यावर दोघींचंही जमलं. मामाच्या मांडीवर बसून खिरीचं बोट चाटलं. वजन ६ किलो ४५०.

४ ऑक्टोबर

वजन ६ किलो ४८०. महिन्यात तीस ग्रॅम. चूक माझी. मी तिला वरणाचं वरचं पाणी आणि पातळ पेज देत होते, वाटीभर प्यायची म्हणून मी खूश. पोट पाण्याने भरत होतं आणि दूध कमी होत होतं.

अंगणवाडीच्या ताईंनी माझ्याकडची पेज चमच्यात घेतली आणि चमचा उलटा केला. सगळी खाली. "उलटा केला तरी चिकटून राहिली पाहिजे." त्यांनी स्वतः वाटी घेतली, मऊ भात आणि मुगाची शिजलेली डाळ बोटांनी कुस्करली, वर तूप घातलं. पुढे नाचणीचं सत्त्व, उकडलेला बटाटा, भोपळा, अंडं. मीठ-साखर वर्षभर नाही. आधी पाजायचं की आधी भरवायचं यावर मी फार विचार करायचे. तिला भूक असेल तेव्हा भरवायचं, एवढंच राहिलं.

११ नोव्हेंबर

दिवाळीहून आलो आणि जुलाब. दिवसात नऊ वेळा. मी ओआरएसचं अर्धं पाकीट एका भांड्यात अंदाजाने कालवलं. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "किती पाण्यात?" मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, मोजून. कमी पाण्यात केलं तर मीठ जास्त होऊन उलट धोका. ते ओतून दिलं, पाण्याच्या बाटलीने लिटर मोजून परत केलं, चमच्या-चमच्याने दिलं. उरलेलं चोवीस तासांनी टाकायचं. झिंक चौदा दिवस, जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी पूर्ण चौदा. पाजणं एकदाही थांबवलं नाही. आठ दिवसांनी वजन ६ किलो ६००.

४ डिसेंबर. नऊ महिने

गोवर-रुबेला, अ जीवनसत्त्वाचा डोस, न्यूमोकोकलचा बूस्टर. वजन ७ किलो २००. रांगते. शेवटच्या पाजण्याला दात लागला. मी ओरडले, ती घाबरून रडली, मग मीही. आता चावली की शांतपणे काढून घेते, पुन्हा पाच मिनिटांनी. तीन दिवसांत चावणं सोडलं.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत, बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने. बोरं, उसाचे करवे, शेंगदाणे आणि हरभरे ताटातून काढून टाकले, हे सगळं या वयाच्या मुलांच्या घशात अडकतं. चुरमुरे आणि फुलं डोक्यावरून ओतली. कार्यक्रम संपल्यावर मी आणि शेजारच्या काकू गुडघ्यांवर बसून सतरंजीखालून हलव्याचा दाणा न् दाणा वेचला. सतरा मिळाले, एक तिच्या मुठीत.

४ मार्च २०२५

वजन ८ किलो ३१०. जन्माच्या तिप्पट आणि वर साठ ग्रॅम. धरून उभी राहते, सोडत नाही. "बाबा" म्हणते, मला अजून काही म्हणत नाही. पेला दोन्ही हातांनी धरून पाणी पिते, निम्मं गळ्यावर. पंप आता दिवसातून एकदाच, मे-जूनपर्यंत तोही बंद होईल. फायलींच्या खोलीची किल्ली हिशेबातल्याच दुसऱ्या एकीला दिली, ती एप्रिलपासून रुजू होते आहे. खुर्चीला उशी ठेवली आहे.

बोंडलं चिंचेने घासलं, कोरडं केलं, त्याच रुमालात बांधलं. आई म्हणाली पोचा काढून घेऊ सोनाराकडून. नको म्हटलं. जूनमध्ये ते बहिणीकडे जाईल, या वहीच्या झेरॉक्सबरोबर.

राहिलेलं: सोळा महिन्यांपासूनचे बूस्टर. रात्रीचं अडीचचं पाजणं, ते मी अजून सोडवायला घेतलेलं नाही.